शिळा आकडा

आमच्या गावात माणूस मेलं, की तिरडीच्या कळकाआधी आकारामला फोन जातो. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागल्याशिवाय मयताला मान आला असं कुणाला वाटत नाही. मेलेल्याचा फोटो मधी, वर आमदार-खासदार, खाली दुःखात सहभागी असणाऱ्यांची तोंडं रांगेनं. यातले निम्मे गॉगल लावून हसत असतात, कारण आकारामकडं त्यांचा तेवढा एकच फोटो असतो.

पण आकारामनं केलेलं सगळ्यात मोठं काम फ्लेक्सचं नव्हे. त्यानं मोबाईलवर उघडायचं एक पान केलं होतं. नदीला पाणी किती चढलंय ते सांगणारं. ते पान लवकर उघडावं म्हणून त्यानं जिवाचं रान केलं, आणि ते लवकर उघडलं म्हणूनच त्याचा जोडीदार गुंडा जिवानिशी गेला.

आमचं गाव कृष्णेच्या काठाला, सखल. आकारामचं दुकान वर कुंडलला, बाजारात. त्याचा बाप रंगारी होता. ट्रॉलीच्या मागं पोरांची नावं, देवळाच्या भिंतीवर हत्ती, निवडणुकीत भिंती, जे मिळेल ते रंगवायचा. नदीवरच्या जुन्या पुलाच्या खांबावर फुटाचे आकडे त्यानंच काढलेत. पांढऱ्या पट्ट्यावर काळे, हातभर उंच. दोराला लोंबकळत रंगवताना खाली डबा धरून उभ्या असलेल्या लेकाला तो सारखं विचारायचा, ‘काठावनं दिसतंय का रं? दिसत नसंल तर आकडा काढून काय उपेग?’

त्या खांबावरचा पस्तीसचा आकडा गावात पाळण्यातल्या पोरालाबी ठाऊक. पाणी पस्तिसाला टेकलं की नदी गाव आणि मळीच्या मधल्या ओढ्यात उलटी शिरते आणि मळीची वाट बुडते. मळी म्हणजे नदीकडंची गाळाची जमीन. ऊस असा येतो की माणूस आत शिरलं तर दिसत नाही. सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी त्याच काठाला. पूर आला की मोटारी काढायला पळायचं, पण पस्तिसाच्या आत परत यायचं. कारण आमच्याकडं पाणी समोरून येऊन माणसाला धरत नाही. मागनं येतं, ओढ्यानं, आणि परतीची वाट खातं.

गुंडा हा आकारामचा शाळेपासनंचा जोडीदार. फौजेत हवालदार होऊन परत आलेला. पेन्शन, चार म्हसरं, मळीत ऊस आणि नदीवर मोटार. फौज सुटली तरी तोंडातली फौज सुटली नव्हती. आकारामच्या दुकानात पाय टाकला की आरोळी मारायचा, ‘आक्या, रिपोर्ट काय?’

आकाराम कॉम्प्युटरमधनं मान वर न काढता म्हणायचा, ‘सब ठीक.’

‘मंग चा सांग.’

फ्लेक्सचा धंदा बसल्यावर आकारामनं यूट्यूबवर बघून बघून साईटी करायला सुरुवात केली. सांगलीच्या एका बेदाणा व्यापाऱ्याची केली. महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याची केली, त्यात स्ट्रॉबेरीचे एवढे मोठे फोटो घातले की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. हॉटेलवाला खूश. त्याची गिऱ्हाइकं पुण्या-मुंबईची, घरात वायफायवर बघणारी. आकारामला वाटलं, साईट म्हणजे दुसरं काय, भिंतीऐवजी काचेवर लावलेला फ्लेक्स.

गावाच्या पानाचं निघालं ते एका मेसेजमुळं. ‘धरणाला तडा गेला’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरला, कुठल्या तरी दुसऱ्या राज्यातल्या व्हिडिओसकट. अर्धं गाव अंगावरच्या कपड्यानिशी कुंडलच्या डोंगराला लागलं. आमची एक म्हातारी घाईत कोंबडीची पाटी डोक्यावर घेऊन निघाली आणि नातू घरातच विसरली. दुसऱ्या दिवशी सरपंच बाळासोनं सभा घेतली. म्हणाला, ‘गावात एकच खरा आकडा पायजे. आक्या, तू पान कर. तात्याबा खांब बघून तुला फोन करंल, तू पानावर टाकायचं. ज्येला बघायचंय त्यो बघंल.’

तात्याबा जुना नावाडी. त्याला फुटाच्या मधलंही कळायचं. ‘एकोणतिसावर दोन बोटं’ असा त्याचा हिशोब.

‘पान साधं नगो पण,’ बाळासो पुढं म्हणाला. ‘वर आमदार सायबांचा फोटू, मोठा. मंग माझा. मंग उपसरपंच, सदस्य. सोसायटीचं चेरमन ऱ्हायलं तर रुसतील.’

‘आन् आकडा?’

‘आकडा घाल की मधी कुठंतरी. त्येच्यासाठीच तर चाललंय समदं.’

फ्लेक्सला फोटो लय मोठा लागतो, नाहीतर छापल्यावर तोंड फुटतं, म्हणजे नुसते ठिपके दिसतात. आकारामचा हात त्यालाच बसलेला. त्यानं सगळे फोटो तसेच, भिंतीवर लावायच्या मापाचे, पानात भरले. दुकानातल्या कॉम्प्युटरवर पान फाडकन उघडलं. नारळ फुटला. पेढे वाटले.

मग एकोणीस सालचा पूर आला. लाईट गेली. टॉवरची रेंज एका काडीवर आली. गावातल्या प्रत्येक घरात माणूस पान उघडून बसलेलं. गोल गोल फिरतंय, फिरतंय. मग वरनं आमदारांचे केस दिसायला लागले. मग कपाळ. मग भुवया. आणि रेंज गेली. परत उघडलं, परत केसांपासनं सुरुवात. आकडा सगळ्यांच्या खाली, त्याच्यापर्यंत कुणाचा फोन पोचलाच नाही.

शेवटी तात्याबा परात बडवत गल्लीगल्लीनं फिरला, म्हणून माणसं निघाली. गुंडानं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निम्मं गाव वर काढलं. माणूस एक गेलं नाही, पण दावणीला बांधलेली जनावरं गेली. दाव्यासकट फुगून वर आलेली म्हसरं ज्यानं बघितलीत त्याला ती अजून दिसतात. गुंडाच्या चारातली दोन त्यात होती.

पाणी उतरल्यावर गुंडा दुकानात आला. या खेपेला रिपोर्ट मागितला नाही. म्हणाला, ‘आक्या, आमदाराच्या भुवया लय झ्याक हायत बग. माझी म्हस मरंस्तवर त्येवढ्याच बघत हुतो.’

त्या एका वाक्यानं आकाराम बदलला. त्यानंतरची दोन वर्षं त्याला एकच ध्यास. पान मोबाईलवर लवकर कसं उघडेल? त्यानं पानाचं वजन करायला शिकून घेतलं. मला सांगायचा, ‘सगळ्या फोटूंचं वजन म्हंजे उसानं भरलेली ट्रॉली. आन् आकड्याचं वजन एका पाचटाच्या पातीयेवढं. आमी पात पोचवाय ट्रॉली जुपली.’ बाजारातला सगळ्यात हलका, स्वस्तातला फोन घेऊन तो भर पावसात मळीत जायचा, जिथं रेंज नावाला असते तिथं उभा राहायचा आणि पान उघडून बघायचा. त्याची बायको राणी मेढ्याकडची, डोंगरातली, तोंडानं तिखट. म्हणायची, ‘लोक रानात पाणी पाजाय जात्यात. आमचं मालक रेंज पाजाय जात्यात.’

फोटो त्यानं बारीक केले. थोडा फरक पडला. आणखी बारीक केले. बाळासोचं तोंड फुटलं, म्हणून बाळासो रागावला. शेवटी आकारामनं सभेत सरळच सांगितलं, फोटो काढल्याशिवाय पान पळणार नाही.

‘कुणाचा काढतोस?’ बाळासोनं विचारलं.

‘समद्यांचं.’

मग उपसरपंच म्हणाला, ‘समद्यांचं कशाला? चेरमनचा काढ. त्येंचा काय संबंद पाण्याशी?’

चेरमन तिथंच बसलेला. ‘माझा काढ आन् तुजा ठेव व्हय? तुजं तोंड बगून पानी उतारतंय जनू.’

‘उतरंल बी. भिऊन.’

सगळे हसले, पण फोटो एकाचाही निघाला नाही. आमच्याकडं फोटो काढणं म्हणजे माणसाला पंगतीतनं उठवणं. मागं एका लग्नाच्या फ्लेक्सवर एकाचा फोटो चुलतभावापेक्षा बोटभर लहान आला, तर आकारामच्या दुकानाची काच फुटली होती. शेवटी बाळासोनं निकाल दिला, ‘फोटू ऱ्हाऊ दे. उगडतंय कसं त्ये तू बग. हुशार हाईस की.’

आणि आकारामनं बघितलं. त्याला एक युक्ती सापडली. पान एकदा उघडलं की सगळंच्या सगळं फोनच्या पोटात साठवून ठेवायचं. पुढच्या खेपेला फोननं टॉवरची वाट बघत बसायचंच नाही. आधी पोटातलं दाखवून मोकळं व्हायचं. रेंज असली तर मागल्या दारानं नवं आणून ठेवायचं, ते त्याच्या पुढच्या खेपेला दिसेल. ट्रॉली दर खेपेला ओढायची गरज नाही. फोटो राहतात, मान राहतो, आणि पान पळतं.

कुंडलला चहाच्या टपरीवर त्यानं आम्हाला ते दाखवलं. गुंडाचा फोन घेतला, पान एकदा उघडलं, मग फोनची रेंजच बंद करून टाकली.

‘आता उगड.’

गुंडानं बोट लावलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत पान पुढ्यात. आमदार, बाळासो, उपसरपंच, चेरमन, सगळे हसत. आणि या खेपेला आकडा सगळ्यांच्या वर, मोठा.

‘आयला!’ गुंडा उठूनच उभा राहिला. ‘रेंज न्हाई तरी उगडलं! आक्या, भले रं वाघा!’ त्यानं आकारामच्या पाठीत अशी थाप मारली की हातातला चहा सांडला.

‘खाली येळ बी घातलीया,’ आकाराम सांगत होता. ‘आकडा कवाचा हाय त्ये खाली दिसंल. त्ये बगत जावा.’

‘खाली कोण जातंय?’ चहावाला म्हणाला. ‘समद्या पंचायतीला वलांडून जायाचं म्हंजे सातबाऱ्याला वारसाचं नाव लावल्यावानी झालं.’

परत हशा. रेंजच बंद आहे तर आकडा आला कुठनं, हे विचारायचं आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. फ्लेक्सवर तारीख, वेळ, स्थळ कुठं असतं? खाली, बारीक अक्षरात. आकारामनं वेळ तिथंच घातली होती.

पुढच्या पुराचा पाऊस महाबळेश्वरात पडला. तिकडं पडतो आणि इकडं आम्ही भिजतो, हे जुनंच आहे. पान नव्हतं तेव्हा वरच्या अंगाच्या पाहुण्यांचे फोन यायचे. मेढ्याकडची सोयरीक, वाईकडची लेक, कुणीतरी सांगायचं आणि गाव हालायला लागायचं. त्या दिवशीही राणीच्या भावाचा मेढ्यानं फोन आला होता. ‘ह्यो पाऊस न्हवं, आभाळ उपडं झालंय. तुमी आवरा.’

राणीनं ते गुंडाला सांगितलं. गुंडा म्हसरांना वैरण टाकत होता. म्हणाला, ‘वैनी, आता पाव्हण्यांच्या अंदाजावर न्हाई चालत गाव. पान हाय आपलं.’

संध्याकाळी तात्याबाचा आकडा आला, एकतीस. आकारामनं पानावर टाकला. गावानं बघितला. गुंडानंही बघितला आणि जेवून झोपला.

सकाळी उठलं तर लाईट नाही, टॉवर मेलेला. एकाच्याही फोनला रेंज नव्हती. तात्याबा पहाटेच पुलावर गेला होता. त्यानं आकडा बघितला आणि फोन लावला तर लागेना. म्हातारा भिजत कुंडलच्या रस्त्यानं वर वर चालत गेला, रेंजची एक काडी दिसली तिथं थांबला आणि रात्री कुंडलला दुकानातच राहिलेल्या आकारामला फोनवर ओरडून सांगितलं, ‘चौतीस! आन् चढतंया लय जोरात!’

आकारामनं लगेच पानावर चौतीस टाकलं. खाली लिहिलं, मळीत कुणी जाऊ नका. स्वतःच्या फोनवर दोनदा उघडून बघितलं. चौतीस. त्याला वाटलं, पोचलं.

तेव्हा गुंडा घरात फोन हातात घेऊन बसला होता. त्याची बायको संयोगिता चुलीपुढं. ती सांगते ते असं.

‘आवं, आधी नदीवर जाऊन तरी बगा.’

‘बगाय कशाला? ह्ये बग, उगडलं बी.’ त्यानं फोन तिच्यापुढं धरला. ‘एकतीस. अजून चार फूट हाय. मोटार सोडवून येतो. चा ठेव.’

‘पाऊस बगा किती हाय.’

‘रिपोर्ट ओके हाय गं.’

फोन त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला, शर्टाच्या खिशात घातला आणि गेला. मळीच्या वाटेवर ओढ्याच्या खोलगटात तेव्हा पाणी नव्हतं. चिखल होता, पण पावसाळ्यात चिखल असतोच. पुढं सगळा ऊस, डोक्याच्या वर. नदी दिसत नाही. मोटारीचे नट गंजलेले असणार. ते सोडवायला वेळ लागलाच असेल. पण घाई कसली, चार फूट होते की अजून.

तो मोटारीशी झटत होता तेव्हा ओढ्यानं मागची वाट खाल्ली.

संयोगितानं चहा ठेवला. तो उकळून आटला. तिनं परत ठेवला. मग ती तशीच धावत ओढ्यापर्यंत गेली, तर वाट जिथं असायची तिथं पाणी, आणि पलीकडं उसाचे फक्त शेंडे हालत होते. ती हाका मारत राहिली. माणसं जमली. कुणी टायरची ट्यूब आणली, कुणी दोर. पाण्याला ओढ अशी होती की ट्यूब टाकली ती गर्रकन फिरून गेली. आम्ही सगळे काठाला उभे होतो. दुसरं काही करता आलं नाही.

पाणी उतरल्यावर गुंडा उसात सापडला. सऱ्यांमधी अडकून बसलेला. कसा होता ते सांगण्यासारखं नाही. मोटार त्यानं सोडवली होती. दोरानं बांधून बांधावर ओढून आणली होती.

दहावं झालं. एक दिवस संयोगिता एकटीच कुंडलला आकारामच्या दुकानात आली. पिशवीतला फोन तिनं चार्ज करून आणला होता. आकाराम उठून उभा राहिला. ती बसली नाही.

‘भावजी, ह्ये बगा.’

तिनं फोन उघडून त्याच्यापुढं धरला. आमदार, बाळासो, उपसरपंच, चेरमन. वर एकतीस.

‘त्या दिवशी बी ह्योच आकडा हुता,’ ती म्हणाली. ‘गावातला टावर अजून बंदच हाय. काल घरी उगडलं, एकतीस. आज नदी पार तळाला गेलीया, तरी एकतीसच. असं कसं?’

आकारामनं फोन हातात घेतला. बोटानं पान वर सरकवायला लागला. एक तोंड गेलं, दुसरं गेलं, सदस्य गेले, चेरमन गेला. पार तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात, वेळ. गुंडा गेला त्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ.

संयोगितानं वाकून बघितलं. ‘ह्ये हितं हुतं व्हय?’

आकारामनं त्या अक्षरांवर बोट टेकवलं.

‘आमचं ह्ये हितवर कवाच गेलं न्हाईत. फोटूच सरत न्हवतं.’

आकारामनं पान बंद केलं आणि परत उघडलं. कुंडलला रेंज चांगली. मागल्या दारानं नवं आलं होतं. एकतिसाच्या जागी नदीचा आजचा आकडा येऊन बसला, लहानसा, उतरलेल्या पाण्याचा.

‘आता बदललं,’ ती म्हणाली. फोन घेतला, परत पिशवीत गुंडाळला आणि पायऱ्या उतरून गेली.

गावात कुणी आकारामला बोल लावला नाही. पाण्याचं काय, दर पुराला एखादा घेतंच, असं सगळे म्हणाले. बाळासो तर दुसऱ्याच दिवशी कामाचं घेऊन आला. ‘आक्या, गुंडाचा फ्लेक्स लावू चौकात, मोटा. आन् पानावर बी त्येचा फोटू घाल, वर आमदारांच्या शेजारी. लिव, गावासाठी जीव दिला.’

‘गावासाठी न्हाई दिला. मोटारीसाठी गेलता,’ आकाराम म्हणाला. ‘माझ्या आकड्यावर गेलता.’

‘असं कुणाफुडं बोलू नगंस. उगा अंगावर येतंय.’

‘तुमच्या फोटूपायी समदं पान फोनात कोंबावं लागलं, सरपंच. त्येच्यासंगट आकडा बी कोंबला मी. फोटू शिळा झाला तर काय हुत न्हाई. आकडा शिळा झाला, माणूस मेलं.’

बाळासो उठला. ‘डोस्कं ठिकाणावर न्हाई तुजं. नंतर बोलू.’

नंतर बोलणं झालंच नाही. आकारामनं त्या दिवशी पानावरचे सगळे फोटो काढून टाकले, आमदारापासनं चेरमनपर्यंत. एकाला विचारलं नाही. गावातले, शेजारच्या वाड्यांतले फ्लेक्स दुसरीकडं जायला लागले. दोन मशीन होत्या, एक विकली. बाळासोनं सांगलीच्या कुणाकडनं तरी गावाचं दुसरं पान करून घेतलं. त्यात सगळ्यांचे फोटो आहेत, आता हालतातही. दुकानाच्या पाटीवरची ‘वेबसाईट’ ही अक्षरं आकारामनं स्वतः रंग मारून झाकली. कुणी साईट करून मागितली तर म्हणतो, येत नाही.

पण ते एक पान त्यानं सोडलं नाही. आता त्यात पांढऱ्या पट्ट्यावर काळा आकडा, बापानं खांबावर काढलाय तसा, आणि त्याच्या अंगालाच तेवढीच मोठी वेळ. दुसरं काही नाही. कितीही हलका फोन असो, रेंजची अर्धी काडी असो, बोट लावलं की पुढ्यात. आणि आकड्याला तास उलटला, नवा आला नाही, की तो आपोआप पुसला जातो. रेंज असो नसो. त्याच्या जागी अक्षरं येतात. ‘ठावं न्हाई. नदी बघा.’

लोक हसले. चहावाला म्हणाला, ‘ठावं न्हाई हे सांगाय पान कशाला पायजे? त्ये तर मला बी येतंय.’

आकाराम हसला नाही. ‘तुला येतंय. पानाला येत न्हवतं.’

तात्याबाचे डोळे आता गेलेत. खांबावरचा आकडा बघायला आकारामच जातो.

परवाच्या पावसाळ्यात परत टॉवर गेला. सकाळी चावडीजवळ माणसं फोन घेऊन उभी. सगळ्यांच्या पानावर ‘ठावं न्हाई’. एकजण शिव्या देत होता. दुसऱ्यानं बाळासोचं पान उघडलं आणि ओरडला, ‘ह्याच्यावर हाय की आकडा! तेहतीस!’

‘कवाचा?’ कुणीतरी विचारलं.

त्यानं खाली-वर करून बघितलं. ‘लिवलं न्हाई.’ पण चारजण त्याच्या फोनवर वाकलेच, आणि त्यातला एक म्हणाला, ‘मंग दोन फूट हाय अजून.’ आम्ही दोघंतिघं त्याचा हात धरून थांबवायला लागलो, म्हणून तो मळीकडं गेला नाही. पण जात होता.

आकाराम रेनकोट घालून पुलावर गेला तर तिथं आधीच एकजण उभं होतं. डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ घेतलेली संयोगिता. कठड्याला धरून खांबाकडं बघत होती. तिची दोन म्हसरं मागं रस्त्यावर, दावी हातात धरलेली.

‘वैनी, तुमी हितं?’

‘पान उगडलं. ठावं न्हाई म्हनालं.’ तिनं मान वळवली नाही. ‘म्हनून आले.’

पाऊस कोसळत होता. खाली पस्तीसचा आकडा निम्मा पाण्यात होता.

‘तवा येवढंच म्हनाया पायजे हुतं पानानं, भावजी,’ ती म्हणाली. ‘आमचं ह्ये नदीवर बगाय आलं असतं. हितनं माघारी आलं असतं.’

तिनं दावी ओढली आणि म्हसरांना घेऊन वरच्या अंगाला निघून गेली. आकारामनं आकडा परत एकदा नीट बघितला, खिशातला फोन काढला. रेंज नव्हती. मग फोन छातीशी धरून, पावसात, रेंजची काडी दिसेपर्यंत तो कुंडलच्या रस्त्यानं चालत राहिला.